तिसऱ्या संध्याकाळचं गाणं

सगुणा

दहाव्याच्या सकाळी बायकांनी हाक मारली तेव्हा सगुणा जागीच होती. नवरा गेल्यापासून ती भिंतीला टेकून नुसते डोळे मिटायची. झोप म्हणावी अशी तिला दोनदाच लागली होती, दोन्ही वेळा दिवेलागणीला, आणि कशाने लागली हे घरात कोणी विचारलं नव्हतं.

तिची चटई जिन्याच्या दाराशी होती. विधवेला बसायला घरात एक कोपरा देतात, तिला हा मिळाला होता. येणारी बाई गळ्यात पडून रडायची, मग चहा प्यायची, मग जागेच्या भावाबद्दल बोलायची. सगुणा सगळं ऐकायची. कोपऱ्यात बसलेल्या बाईसमोर लोक ती बहिरी असल्यासारखे बोलतात, हे तिला या दहा दिवसांत कळलं.

वरच्या मजल्यावर काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला.

"चालल्या वाटतं त्या पोरी," रंगूबाई म्हणाली. ही काळुरामची, सगुणाच्या नवऱ्याची, धाकटी बहीण. भाऊ गेल्याच्या दिवशी दिवा गावाहून आली ती घराचा ताबाच घेऊन बसली. "बरा झाला. दहाव्याच्या पान्याआधी घर मोकला झाला."

सगुणाला वाटलं, आपण बोलावं. पोरींना निदान जेवून जाऊ दे म्हणावं. पण सुतकातल्या घरात बाहेरच्याला कसलं जेवण, असं रंगूबाई म्हणाली असती, आणि ते खरंच होतं. मग दुसरं काहीतरी म्हणावं. ती वाक्य जुळवत होती तोवर रंगूबाईने तिच्या डोक्यावरून पदर पुढे ओढला, आणि बाहेर गाडीचा

प्रफुल्ल

हॉर्न वाजला. तो प्रफुल्लनेच वाजवला होता. दारात एक टेम्पो आडवा उभा होता आणि त्याला दहाव्याच्या विधीसाठी भटजींना घेऊन खाडीकाठच्या मीठबंदरावर पोचायचं होतं. टेम्पोत दोन गाद्या, एक टेबलफॅन, चार-पाच पोती आणि भिंतीवरचं एक मोठं कॅलेंडर. वर भाड्याने राहणाऱ्या मिझोरमच्या पाच मुलींचा दोन वर्षांचा संसार तेवढाच होता. टेम्पोवाल्याने गाडी मागे घेतली. फॅनची पाती आपोआप फिरली.

प्रफुल्ल घरातला थोरला मुलगा. बापाच्या मिठागरावरच्या मजुरीपासून कोपरीतल्या तीन मजल्यांपर्यंतचा सगळा रस्ता त्याने पाहिलेला. तिसऱ्या दिवशीचं जे झालं त्यात आपलं काही चुकलं असं त्याला वाटत नव्हतं. तो मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा तपासत होता, एवढंच.

संध्याकाळ होती. भावकी हॉलमध्ये बसलेली. दहाव्याला किती पानं होतील याचं बोलणं चाललेलं. तेवढ्यात त्या पाच जणी जिन्यावरून खाली आल्या. एकीच्या हातात गिटार, एकीच्या हातात रंगाचा रिकामा डबा, गेल्या वर्षी घर रंगवलं तेव्हाचा, गच्चीवर पडलेला. एकीने साखर आणि चहापत्तीच्या पुड्या आणल्या होत्या, त्या तिने न बोलता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवल्या. मग त्या आईच्या चटईभोवती मांडी घालून बसल्या आणि गायला लागल्या. आधी हळू. मग डबा पालथा घालून एकीने त्यावर ठेका धरला.

भावकी एकमेकांकडे बघायला लागली.

"प्रफुल्ल," रंगूआत्या म्हणाली, "घरान हलद हाय का रं कोनाची?"

आणि कोणीतरी हसलं.

कोण हसलं ते त्याला आजही माहीत नाही. पण ते हसणं तो ओळखत होता. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने हौसेने नौपाड्याच्या पांढरपेशा वस्तीत फ्लॅट घेतला होता. दिपेशच्या, धाकट्या भावाच्या हळदीला तिथेच मांडव घातला. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात येऊन फार सभ्यपणे म्हणाले होते, तुमच्याकडे हे असंच असतं का हो, म्हणजे रात्रभर? आणि त्यांच्या मागे उभी असलेली बाई हसली होती. वर्षभरात प्रफुल्लने फ्लॅट विकला आणि कोपरीला परत आला. आपली माणसं चुकीच्या वेळी वाजवतात, हे पुन्हा कोणाला बोलू द्यायचं नाही, एवढं त्याने तेव्हा ठरवलं.

तो उठला आणि त्याने डब्यावर पाय ठेवला.

"माझा बाप मेलाय," तो म्हणाला. "हे काय चाललंय? कोणी बोलावलं तुम्हाला?"

त्यातली थोरली, रुआती, उभी राहिली. तिने एकदा हॉलमध्ये नजर फिरवली. मग म्हणाली, "कोनी नाय, काका. आमचाच चुकला."

हे तिने काळुरामच्या भाषेत म्हटलं. तिला दुसरी मराठी येतच नव्हती. दोन वर्षं म्हाताऱ्याशेजारी ओट्यावर बसून ती जे शिकली ते हेच. बापाचे शब्द त्या मुलीच्या तोंडून आले आणि प्रफुल्लचं उरलंसुरलं भान गेलं. दहाव्याच्या आत खोल्या रिकाम्या करा, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. शेजारून दिपेश म्हणाला, "दादा बरोबर बोलतोय." किती वर्षांनी दिपेश त्याच्या बाजूने बोलला होता.

एवढंच झालं होतं. फक्त उत्तर देण्याआधी त्या मुलीची नजर फिरता फिरता कुठेतरी थांबली होती. कुठे, ते प्रफुल्लने वळून पाहिलं नाही. या दिवसांत दोनदा त्याच्या मनात आलं, दिशाला विचारावं. दिपेशची मुलगी, यांच्याच कॉलेजात आहे, तिनेच तर यांना खोल्या मिळवून दिल्या. पण विचारलं आणि उत्तर भलतंच आलं,

निशा

तर सगळं आपल्या पोरीवर येणार, हे दिशाच्या आईला न विचारताच कळलं होतं.

निशाने काही पाहिलं नव्हतं. ती त्या वेळी सुतकाची बिनफोडणीची आमटी ढवळत होती. पण तेव्हापासून दिशा नळ सोडून न्हाणीघरात उभी राहायची आणि बाहेर आली की डोळे धुतलेले दिसायचे. आजोबांची लाडकी नात, रडणारच, असं सगळे म्हणत. निशा हो म्हणायची.

तिने मोजलं होतं ते वेगळंच. लग्न होऊन आल्यापासून दोन भावांची चूल एक आणि तोंडं दोन दिशांना. मिठागराकडच्या जागेवरून तर गेली चार वर्षं बोलणंच नव्हतं, निरोप म्हाताऱ्यामार्फत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मुली वर निघून गेल्यावर, प्रफुल्लभाऊ ओट्यावर बसून रडले आणि दिपेश त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बापाला खांदा देताना जे झालं नाही ते त्या पोरींना हाकलताना झालं. निशाला त्याची लाज वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

म्हणून सकाळी दिशा स्वयंपाकघरात आली, काहीतरी ठरवल्यासारखी दाराला हात लावून उभी राहिली, तेव्हा निशाने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आई, मला काकांशी बोलायचंय."

"आज नको."

"त्या आज चालल्यात."

"म्हणूनच आज नको," निशा म्हणाली.

दिशा दारातून हलली नाही. काय बोलायचंय, असं आईने विचारलं तर सांगून टाकू, या आशेने उभी राहिली असावी. निशाने विचारलं नाही. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. खिडकीतून दारातला टेम्पो दिसत होता, आणि गाद्यांवर दोरी टाकणाऱ्या मुली. या मुलींनी गेल्या उन्हाळ्यात, निशा तापाने पडली होती तेव्हा, आळीपाळीने तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. वाटेत खायला काही द्यावं असं तिच्या मनात आलं. सुतकाच्या घरातलं अन्न बाहेर देत नाहीत. केळी विकत आणून देता आली असती. हे तिला टेम्पो गेल्यावर

काळुराम, गेल्या श्रावणात

सुचलं असतं तर तो काळुराम कसला. त्याला सगळं वेळेवर सुचायचं, आणि सुचलं की तो लगेच बोलून टाकायचा.

श्रावणात दिशा कॉलेजातून एक ट्रॉफी घेऊन आली. तिच्या कॉलेजात बाहेरच्या राज्यांतून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे इथला एक सोबती नेमून देत. दिशा रुआतीची सोबती होती. सोबतीचं वर्ष पुरं झालं की अशा सोबत्यांनी स्टेजवर येऊन आपण एकमेकांकडून काय शिकलो ते दाखवायचं, असा कार्यक्रम. दिशाने मिझोरममधल्या मरणावर सादरीकरण केलं आणि तिला पहिला नंबर मिळाला.

म्हाताऱ्याला ट्रॉफीपेक्षा मरणात रस. त्याने तिला ओट्यावर बसवलं आणि मना पन दाखव म्हणाला. दिशाने मोबाइलवर एक एक चित्र सरकवलं. डोंगरातलं घर. जमिनीवर दाटीवाटीने बसलेली तरुण मुलं. मधे ढोल. तिने समजावून सांगितलं की तिकडे कोणी गेलं की गल्लीतली पोरं-पोरी त्या घरी जाऊन बसतात, तीन संध्याकाळी. ढोल वाजवतात, गातात. आनंदाने नाही, आजोबा. घराला एकटं वाटू नये म्हणून. न बोलावता जातात. बोलवायची वाट बघणं हेच तिकडे वाईट समजतात.

शेवटच्या चित्रावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आवाज म्हणजे नेहमी अनादर नसतो.' या वाक्याला सभागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या.

काळुरामने चित्रं मागे सरकवून ढोल पुन्हा बघितला. मग त्याने जिन्याकडे तोंड करून रुआतीला हाक मारली. ती खाली आली तेव्हा तो म्हणाला, "काय गो, आमच्या मीठबंदराच्या मान्साकरता पन गाता का तुमी, का फकस्त डोंगरातल्या?"

रुआती हसली. गाऊ म्हणाली.

"दिशा, माज्या टायमाला सांग या पोरीना," म्हातारा म्हणाला. "ही तुजी आजी अंधाराला भिते. बोलून दाखवत नाय."

ओट्यावर सगुणा धरून चौघंच होते, सगळे हसले. सगुणा सर्वांत जास्त हसली. ट्रॉफी हॉलमधल्या काचेच्या कपाटात गेली. आता तिच्या शेजारी हार घातलेला काळुरामचा फोटो

दिशा

होता, आणि दोन्हींकडे न बघता हॉलमधून जायची सवय दिशाने या दिवसांत लावून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुआतीने तिला नळावर गाठून विचारलं होतं. संध्याकाळी आम्ही पीजवळ येऊन बसू का? पी म्हणजे त्यांच्याकडे आजी. दिशाच्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या. तिने मान डोलावली. घरात कोणाला सांगायला हवं, हे तिच्या लक्षात होतं. पण काकांच्या भोवती सतत माणसं होती, बाबा मांडववाल्याशी बोलत होते. तिला वाटलं, येतील, पाच मिनिटं बसतील. गिटार आणतील, डबा आणतील, हे तिच्याच चित्रांत होतं, तरी तिला तसं वाटलं.

मग काकांचा पाय डब्यावर. कोणी बोलावलं. रुआतीची नजर फिरली आणि तिच्यावर येऊन थांबली. रागाची नव्हती ती नजर. तू सांगतेस की मी सांगू, एवढंच विचारणारी. दिशाने खाली पाहिलं. समोर फरशी होती, त्यावर कोणाच्या तरी चपलेची ओली खूण.

कोनी नाय, काका.

रुआती तिला सांभाळून घेत होती. स्टेजवर दिशा जिची सोबती होती, ती.

*

मीठबंदरावर त्या दिवशी वारा पडला होता. पिंड मांडून झाला. भटजी बाजूला सरले. बायका बांधावर मागे उभ्या राहिल्या. खाडीच्या कडेच्या तिवरांवर कावळे होते, हवे तितके, पण एकही खाली उतरेना.

प्रफुल्लने हात जोडले. मिठागराकडची जागा आम्ही भाऊ वाटून घेणार नाही, बाबा, असं तो मोठ्याने म्हणाला. दिपेशने मान हलवली. कावळ्याने मान तिरकी केली आणि तिथेच राहिला. दिपेश म्हणाला, आईला काही कमी पडू देणार नाही. मग कोणी दिशाच्या लग्नाचं म्हणालं, कोणी गावच्या देवळाच्या पायरीचं. इच्छा कुठली अडली आहे याचा अंदाज प्रत्येक जण आपापल्या मनातल्या अडचणीवरून बांधत होता. भटजींनी घड्याळ बघितलं.

दिशाला माहीत होतं. कावळ्याबिवळ्यावर तिचा विश्वास नव्हता, पण म्हाताऱ्याने मागितलेली एक गोष्ट होती, मोठ्याने मागितलेली, आणि ती घरातल्यांपैकी फक्त तिला आणि आजीला माहीत होती. आजी घरी होती. इथे बोललं तर सगळ्यांसमोर बोललं जाईल. काका ऐकतील, भावकी ऐकेल, आणि टेम्पो अजून दारात असेल. ती चार पावलं पुढे आली. लोकांनी वाट दिली, नात आहे म्हणून.

आजोबा, मी त्यांना

आजोबा, तुम्ही सांगितलेलंत ते मी

आजोबा, काकांनी ज्यांना घालवलं त्यांना मीच

तिने ओठ उघडले. तेवढ्यात रंगूबाई तिला कोपराने बाजूला करून पुढे गेली, पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं आणि पिंडाच्या पानावर ठेवलं. भाजलेला सुका बोंबील होता. भटजींनी न दिसल्यासारखं करून खाडीकडे तोंड फिरवलं.

कावळा पान विस्कटून बोंबील घेऊन गेला. मागून आणखी दोन आले.

"माजा भाव मना नाय म्हाईत?" रंगूबाई म्हणाली, आणि रडायला लागली.

सगळ्यांचे खांदे सैल पडले. कोणी हसलंही, म्हातारा शेवटपर्यंत खवय्या राहिला म्हणून. प्रफुल्लने दिपेशला मिठी मारली. माणसं चपला शोधायला लागली. दिशा पिंडासमोर तशीच उभी होती. तिच्या तोंडातलं वाक्य आता कोणाला नको होतं.

*

ती सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ धावत घरी आली. टेम्पो निघायच्या बेतात होता. चौघी मागे सामानावर बसल्या होत्या. मालसोमीने, ठेका धरणारीने, तिच्याकडे पाहून मान वळवली. रुआती शेवटचं दार लावून खाली येत होती. डोंबिवलीला, ठाकुर्लीच्या बाजूला जागा मिळाली, असं तिने सांगितलं. कॉलेज लांब पडेल, पण ठीक आहे. ती चावी दिशाच्या हातावर ठेवत होती.

"मी सांगणार होते," दिशा म्हणाली.

"जाव दे गो."

कॉलेजात पहिल्या वर्षी मुलं रुआतीच्या मराठीला हसायची. तेव्हा दिशानेच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असं बोलू नकोस, गावठी वाटतं, मना नाही, मला म्हणायचं. रुआतीने विचारलं होतं, मग आजोबा चुकीचं बोलतात का? रुआतीने बोलणं बदललं नव्हतं.

"तुला राग नाही आला?"

रुआतीने थोडा विचार केला. "आला," ती म्हणाली. "तुजा नाय. तू ट्रॉफी घेतलीस ना, तवा मी टाली वाजवली. त्याचा आला."

हे ती सांगून मोकळी झाली आणि लगेच तिलाच ते जास्त वाटलं असावं. तिने दिशाच्या दंडाला हात लावला. "पीला सांग, तीन संध्याकाल झाल्या. दोन आमी वर बसून केल्या. दार लावून, हलू. डबा नाय वाजवला. अर्धा सोरून जायाचा नसता."

मग ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी भावकीच्या गाड्यांसाठी थांबला. प्रफुल्लच्या गाडीला त्यानेच वाट दिली.

सगुणा

दुपारी पंगती उठल्या, संध्याकाळी माणसं पांगली. रंगूबाईसुद्धा दिव्याला गेली. जाताना जिन्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या डब्याला तिचा पाय लागला. रंगाचा डबा. मुलींनी तो आतून-बाहेरून घासून, पुसून, पालथा ठेवला होता. घरचा होता, घरी ठेवला.

सगुणा चटईवर होती. तिने डबा ओढून जवळ घेतला. दिशा येऊन तिच्यासमोर बसली. 

"तू नलावर मान डोलावली व्हती," सगुणा म्हणाली. "मी बघितला. ही खिडकी नलावरच हाय."

दिशाने डब्याची कडा धरली.

"मना वाटला, पोर आज बोलंल, उद्या बोलंल. मी पन गपच बसली ना. कोपऱ्यातली बाय बोलली त दुखान बोलते म्हनतात. पन बोलायला पाह्यजे व्हता." ती थांबली. "हाकलल्यावर दुसऱ्या दिशी पन गायल्या त्या, वर. त्याच्या दुसऱ्या दिशी पन. मना ऐकू येत व्हता. मी कोनाला सांगितला नाय. सांगितला असता त तो पन बंद झाला असता."

दारात प्रफुल्ल उभा होता. अंगावर अजून दहाव्याचं नवं बनियन, हातात चपला. कधीपासून उभा होता ते दोघींनाही कळलं नव्हतं. दिशा उठली.

"काका, त्यांना मी हो म्हटलं होतं. आजोबांनी सांगितलेलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी बोलले नाही."

काकांचा आवाज चढेल म्हणून तिने अंग आवळून घेतलं. प्रफुल्ल ओरडला नाही. तो जिन्याच्या पायरीवर बसला, चपला शेजारी ठेवल्या, आणि त्या नीट जोडीने लावल्या.

"मी मागे वळून बघितलं नाही," तो म्हणाला. "बघितलं असतं तर कळलं असतं." मग म्हणाला, "बोलव त्यांना परत. मी बोलतो. उद्याच गाडी पाठवतो."

"त्या यायच्या नाहीत, काका. राग म्हणून नाही. तीन संध्याकाळी झाल्यात त्यांच्या. आता कशाला येतील?"

वरच्या खोल्यांची चावी अजून दिशाच्या मुठीत होती. प्रफुल्लने ती मागितली नाही. दिवेलागणीची वेळ झाली होती. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. दहा दिवसांनी घरच्या चुलीवरची पहिली. निशाने कपाटाशेजारची समई लावली. काचेत ज्योत दोनदा दिसली, एकदा फोटोवर, एकदा ट्रॉफीवर.

"अर्थ काय व्हता गो त्या गान्याचा?" सगुणाने विचारलं.

अर्थ दिशाला पाठ होता. तिने तो सांगितला, स्टेजवर सांगितला होता तसाच, पण हळू. तुझ्या घरातलं माणूस डोंगरापलीकडे गेलं. वाट बघू नकोस असं आम्ही म्हणणार नाही. आम्ही फक्त बसतो, अंधार पुरता पडेपर्यंत, म्हणजे तो तुझ्या एकटीवर पडणार नाही.

सगुणाने ते ऐकलं. भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले.

"आता गा."

"मला चाल येत नाही, आजी."

"जराशी पन नाय?"

"नाही. मी अर्थच विचारलेला."

 डोळे मिटलेलेच ठेवून सगुणाने हात पुढे केला आणि पालथ्या डब्यावर बोटं टेकवली. मग हळूच ठेका धरला. बरोबर होता. मालसोमीचाच. तो थोडा पुढे गेला, आणि जिथून गळ्याने उचलायचं असतं तिथे येऊन थांबला. तिने वाट पाहिली.

कोणी गायलं नाही. जिन्यावर प्रफुल्लने मान खाली घातली होती.

सगुणाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.